भजनी मंडळात दिव्यांग मुलाला त्याचे काम कसे द्यावे

ग्वाल्हेरमध्ये गाण्याची वानवा नाही. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत गणपतीची आरती, भजनी मंडळाची बैठक, कीर्तन असे काही ना काही वर्षभर चालूच असते. या सर्व ठिकाणी दिव्यांग मूल नेले जाते, परंतु बहुधा ते आईला टेकून नुसते ऐकत बसते. गाण्यात त्याच्या वाट्याला एखादे खरे काम यावे, असे काम की जे त्याने केल्याशिवाय गाणे पुढे सरकणार नाही, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

आधी एक भेद स्पष्ट असावा. संगीतोपचार हे प्रशिक्षित उपचारकाने मुलाची तपासणी करून, उद्दिष्ट ठरवून आणि नोंदी ठेवून करायचे काम आहे. मंडळात आपण करतो तो सहभाग. अमुक राग ऐकवला की अमुक व्याधी बरी होते, असे सांगणाऱ्यांपासून पालकांनी दूरच राहावे. नऊ देशांतील ३६४ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच महिन्यांच्या उत्स्फूर्त संगीतोपचारानंतरही लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नव्हता. मात्र चारचौघांत बसून गाण्यासाठी मुलाने आधी ‘सुधारले’ पाहिजे, अशी अट कोणी घालू शकत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क मान्य केलेला आहे.

सुरुवात घरी, दोन-तीन माणसांत आणि एकाच गाण्याने करावी. मुलाला कोणता आवाज आवडतो आणि कोणत्या आवाजाने ते कान झाकते, हे आईला ठाऊक असते. तिला विचारूनच वाद्य निवडावे. झांजेचा तीक्ष्ण नाद अनेक स्वमग्न मुलांना सोसत नाही, तेथे खंजिरी किंवा घुंगरू चालतात. मूठ वळत नसेल तर घुंगरू चिकटपट्टीने मनगटाला बांधावेत, किंवा खंजिरी व्हीलचेअरच्या फळीवर न घसरणाऱ्या रबरी चटईवर ठेवावी. ज्याला ऐकू कमी येते त्याचा तळवा तबलजीने डग्ग्याच्या धातूच्या किंवा मातीच्या अंगावर टेकवून घ्यावा, म्हणजे ठेका हाताला कळतो. बोलता न येणाऱ्या मुलासाठी ध्रुवपदाचा शेवटचा शब्द भावंडाच्या आवाजात बटणाच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. बटण दाबले की तो वाजतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कडव्याच्या शेवटी, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अगदी आधी, सर्वांनी थांबायचे आणि सम मुलाने द्यायची. येथे पेटीवाल्याची आणि तबलजीची खरी परीक्षा असते, कारण सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसणे) असलेल्या मुलाचा हात उचलला जाऊन खंजिरीपर्यंत पोहोचायला कित्येक सेकंद लागू शकतात. त्या वेळात पेटीने स्वर धरून ठेवावा, कोणी “वाजव ना रे” म्हणू नये आणि कोणीही त्याचा हात धरून आपणच वाजवू नये. आपल्याकडे हे प्रेमापोटी सर्रास होते. पण धरलेल्या हाताने पडलेली थाप मुलाची नसते. हात फळीवर पडला, थोडा बाजूला पडला तरी, तीच सम मानावी आणि पुढचे कडवे उचलावे. लयही त्याच्या हाताच्या गतीवरून ठरवावी. धुमाळी ताल विलंबित, म्हणजे संथ, घेतल्याने काही बिघडत नाही.

हे घरी सहज होऊ लागले की शेजारची एक-दोन मुले सोबत घ्यावीत. त्यांना फार समजावत बसण्याची गरज नसते. “याने सम दिली की तू उचल” एवढे पुरते, आणि एकमेकांकडे पाहणे आपोआप सुरू होते. मंडळात बसताना मुलाची जागा वर्तुळात, समवयस्काच्या शेजारी आणि दाराजवळ असावी, म्हणजे नकोसे झाले तर गाजावाजा न होता बाहेर पडता येईल. परत यायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे.

मंडपात मोठी अडचण ध्वनिवर्धकाची असते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सुचवली आहे, आणि आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. म्हणून स्पीकरपासून लांब बसावे आणि कानांवर आवाजरोधक लावावेत. ज्या मुलाला लखलखाटाने फिट येते, त्याच्या आरतीपुरती तरी चमकती रोषणाई बंद ठेवण्याची विनंती कार्यकर्त्यांना आधीच करावी.

टाळ्या मिळवण्यासाठी मुलाला एकट्याला मंचावर उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे. नोंद ठेवायचीच असेल तर ठेका किती अचूक पडला याची ठेवू नये. आईखेरीज कोण त्याच्याशी बोलले आणि पुढच्या बैठकीला कोणी त्याला आपणहून बोलावले, याची ठेवावी. महिनाभर हे रकाने रिकामेच राहिले तर गाणे बदलण्याआधी बसण्याची जागा आणि शेजारी बदलून पाहावा.