जुन्या दुनळीची निळाई

दुनळी म्हणजे दोन नळ्यांची बंदूक; निळाई म्हणजे नळीवरचा गंज रोखणारा निळसर-काळा थर. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना, ते डोळ्यांनी बघा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नळीला काही होत नाही. मिरगाचा पाऊस लागला की चामड्याच्या कव्हरात गंजते, कारण चामडं ओल धरतं. कव्हर फक्त प्रवासापुरतं.

गंजावर हलकं तेल सोडून रात्रभर मुरू द्या. मग चार शून्य नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलनं, जोर न लावता, घासा. फडक्यावर तांबूस तेल उतरतंय तोवर ठीक. निळाई फिकी पडू लागली की थांबा. पॉलिश पेपर नकोच: बंदुकीची ओळख असलेला कोरलेला नंबर पुसट झाला तर शस्त्र कायदा, 1959 आडवा येतो.

निळाई नव्यानं द्यायची तर परवानाधारक कारागिराला नळ्या उकळत्या कॉस्टिक सोड्यात बुडवायचं काम सांगू नका, त्यात नळ्यांमधल्या पट्टीचा कथिलाचा डाख सुटतो. दुनळीला मुद्दाम, सावकाश गंजवून दिलेली निळाईच बरी.