प्राण्यांच्या ब्लड बँकेचं रजिस्टर कसं ठेवायचं आणि काय कुठे कळवायचं

पुण्यात कुत्र्यामांजरांना रक्त चढवणं आता काही नवलाचं राहिलं नाही. टिक फिव्हरने (गोचीड चावून होणाऱ्या तापाने) हिरड्या पांढऱ्याफटक पडलेला कुत्रा आला की लगेच ग्रुपवर मेसेज पडतो, "अर्जंट डोनर पाहिजे, २५ किलोच्या वर, बाणेर", आणि लोक खरंच गाडी काढून रात्री बेरात्री येतात. रक्त मिळतं, पण दोन महिन्यांनी कुणी विचारलं की ते कुठल्या कुत्र्याचं होतं तर बऱ्याच ठिकाणी कुणालाच सांगता येत नाही. ज्यांच्या फ्रिजमध्ये दोनचार बॅगा तरी असतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कसोटी एकच ठेवा. कुठलीही बॅग उचलली की मागे डोनरपर्यंत आणि पुढे पेशंटपर्यंत, दोन्हीकडे, पाच मिनिटांत पोचता आलं पाहिजे. बाकी सगळे कॉलम त्यासाठीच.

सुरुवात नंबरपासून. नावावर अजिबात जाऊ नका, कोथरूडमध्येच पाच ब्रुनो आणि चार शेरू निघतील. प्रत्येक डोनरला कायमचा नंबर द्या, मायक्रोचिप असेल तर तोही लिहा, आणि प्रत्येक वेळी रक्त घेतलं की त्या डोनेशनला वेगळा नंबर. डोनर फॉर्मवर वय, त्या दिवशीचं वजन (मागच्या वेळचं उतरवून काढायचं नाही, काट्यावर उभं करायचं), लसीकरण आणि जंताच्या औषधाच्या तारखा, चालू औषधं, हिमोग्लोबिन किंवा पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के), ब्लड ग्रुप, आणि एर्लिकिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा या गोचिडांतून पसरणाऱ्या आजारांच्या टेस्टचा रिझल्ट तारखेसकट. नुसतं "निगेटिव्ह" लिहून भागत नाही, कोणत्या पद्धतीने केली तेही लिहा कारण स्मिअर (काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं) निगेटिव्ह आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह यात खूप फरक आहे. मालकाची लेखी संमती मराठीत घ्या, त्यात कधीही नाही म्हणता येईल आणि पैसे मिळणार नाहीत हे स्पष्ट असू द्या. गुंगीचं औषध दिलं असेल तर नाव आणि डोस.

रक्त घेताना बॅग काट्यावर ठेवा. नेहमीच्या ४५० मिलीच्या बॅगेत ६३ मिली सीपीडीए (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं द्रावण) असतं, आणि ४५० मिली रक्ताचं वजन साधारण ४७५ ग्रॅम भरतं, म्हणून रिकाम्या बॅगेचं आणि भरल्यावरचं अशी दोन्ही वजनं लिहा. बॅग कमी भरली तर सीपीडीएचं प्रमाण जास्त होतं, आणि "अंदाजे फुल" असं लिहिलेल्या बॅगेवरून नंतर काहीच कळत नाही. लेबलवर डोनेशन नंबर, प्राणी, ग्रुप (कुत्र्यात डीईए १ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, मांजरात ए, बी की एबी), घेतल्याची तारीख, एक्सपायरी आणि घेणाऱ्याची सही. मांजराचं रक्त सिरिंजने ओढलेलं असेल तर एक्सपायरीत तारखेबरोबर तासही लिहायचा, कारण ते फ्रिजमध्ये ठेवूनही २४ तासांच्या आत वापरायचं असतं.

एका बॅगेतून लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे केले तर नंबर तोच ठेवून पुढे अ, ब लावा. इथे चुकलं की माग तुटतो, कारण आता एकाच डोनरचं रक्त दोन पेशंटकडे जाणार असतं.

फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहा, २ ते ६ डिग्री. आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे सगळ्यांना माहिती आहे, तर त्या दिवशी लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ, आणि आल्यावर किती तापमान होतं हे लिहाच. नंतर एकसारखे "४, ४, ४" भरून टाकलेले आकडे बघणाऱ्याला लगेच कळतात आणि मग उरलेल्या रजिस्टरवरचाही विश्वास जातो.

बॅग देताना पेशंटचा केस नंबर, क्रॉसमॅचचा (डोनरचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का याच्या टेस्टचा) रिझल्ट, कुणी दिली, किती वाजता. मांजरात तर ग्रुप बघितल्याशिवाय एक थेंबही नाही, बी ग्रुपच्या मांजराला ए ग्रुपचं थोडंसं रक्तही जीवघेणं ठरू शकतं. चढवताना ताप, नाडी, श्वास आणि हिरड्यांचा रंग सुरू करण्याआधी, १५ मिनिटांनी, ३० मिनिटांनी आणि मग दर तासाला. अंगावर गाठी आल्या, उलटी झाली, ताप एक डिग्री सेल्सिअसने चढला, लघवी लाल झाली तर थांबवा, वेळ लिहा, आणि बॅग फेकू नका! बाजूला फ्रिजमध्ये ठेवा, आधी लेबल आणि केस पेपर जुळतात का बघा, बऱ्याचदा चूक कागदावरच सापडते.

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्राण्यांच्या रक्त संक्रमणासाठी आणि ब्लड बँकांसाठी पहिल्यांदाच देशपातळीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात डोनर नोंदणी, चढवतानाची नोंद आणि रिअ‍ॅक्शन कळवणं यांचे फॉर्म आहेत. त्या सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत, कायदा नाही, पण नवीन फॉर्मॅट शोधत बसण्यापेक्षा तेच वापरा.

कायद्याने बंधनकारक आहे ते बायोमेडिकल वेस्ट. २०१६ चे नियम जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत. वापरलेल्या आणि बाद झालेल्या रक्ताच्या बॅगा पिवळ्या पिशवीत, रोजची नोंद, आणि मागच्या वर्षाचा वार्षिक अहवाल फॉर्म ४ मध्ये ३० जूनच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या, मग डोनरचं रजिस्टरही तेवढंच ठेवा. डोनर किंवा पेशंटमध्ये रेबीजसारख्या अधिसूचित रोगाचा संशय आला तर प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार सरकारी पशुवैद्यकाला लगेच कळवायचं, आणि तपासणीसाठी औंधचा रोग अन्वेषण विभाग पुण्यातच आहे.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. डोनर नंतर कधी एर्लिकिया पॉझिटिव्ह निघाला तर त्याच दिवशी त्याचा नंबर काढा, शेवटच्या निगेटिव्ह टेस्टनंतरची सगळी डोनेशन्स बघा, फ्रिजमधल्या बॅगांवर "वापरू नये" चिकटवा, आणि ज्या पेशंटना रक्त गेलं त्यांच्या मालकांना स्वतः फोन करा, मेसेज नको. काय सांगितलं आणि कुत्र्याला टेस्टसाठी कधी आणणार, हे त्याच पानावर लिहा.