हंपीची तीन दिवसांची पायी प्रदक्षिणा: या चुका टाळा

हंपीहून होडीने तुंगभद्रा ओलांडायची, साणापूर, अंजनाद्री, आनेगुंदी करत पुढे जायचं आणि पुन्हा नदी ओलांडून विठ्ठल मंदिरावरून हंपीत परतायचं. तीन दिवसांत ही फेरी निवांत होते. सह्याद्रीत गड चढणाऱ्यांना तर ती शतपावलीच वाटेल. गफलत इथेच होते. माणसं किलोमीटर मोजत बसतात, पण मध्ये दोनदा नदी आडवी येते हे विसरतात.

सगळ्यात महागात पडते ती दिशेची चूक. विठ्ठल मंदिर आणि तिथला दगडी रथ प्रसिद्ध, म्हणून पहिल्या दिवशी तिकडेच पाय वळतात. मग आनेगुंदी, आणि शेवटी हंपीसमोरच्या काठावरच्या विरुपापूर गड्डीहून होडीने हंपी. पहिल्या खेपेला आम्हीही हेच केलं. गड्डीच्या काठावर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. पलीकडे विरूपाक्षाचं गोपुर अगदी हाकेच्या अंतरावर, आणि शेवटची होडी गेलेली! रस्त्याने वळसा घालायचा तर तीसेक किलोमीटर. रिक्षावाल्याने सांगितले तेवढे पैसे मुकाट्याने मोजले.

म्हणून फेरी उलटी करा. खरं तर तीच सुलटी, कारण अशी ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, देवाच्या प्रदक्षिणेसारखी होते. सकाळी हंपीच्या घाटावर उभं राहिलं की होडी चालू आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. होसपेटच्या धरणातून पाणी सोडलं असेल तर ती बंदच असते. तसं असेल तर हट्ट धरू नका, त्या दिवशी हंपीच पाहा. आनेगुंदीहून हंपीच्या बाजूच्या तळवारघट्ट घाटावर उतरताना दुसऱ्यांदा नदी लागते. तिथली होडी बंद असली तरी बुक्कसागरजवळच्या पुलावरून येता येतं. वळसा पडतो, पण अडकायला होत नाही. आदल्या संध्याकाळीच गावात विचारून ठेवा. ‘दोणी इदेया?’ एवढं कानडी पुरतं. उत्तरात ‘इल्ला’ ऐकू आलं की समजायचं, उद्या पूल.

मुक्कामाबाबत जुनी माहिती घात करते. गड्डीवरची बरीच गेस्टहाऊस २०२० साली पाडली गेली. पहिली रात्र साणापूरला, दुसरी आनेगुंदीला, असा हिशेब धरा.

दुसरा शत्रू म्हणजे दगड. हा सगळा ग्रॅनाइट. दिवसभर तापतो आणि सूर्य कलला तरी धग सोडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून इतर वेळी ही वाट पायी करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. थंडीतही अंजनाद्रीच्या ५७५ पायऱ्या सकाळीच उरका. देवळात चप्पल काढावी लागते, आणि दुपारी मोकळ्या अंगणातल्या फरशीवर लंगडी घालत पळणारे पाहुणे नेहमी दिसतात. पिशवीत जाड मोजे ठेवा. केळी मात्र बाहेर लटकवू नका. हनुमानाच्या जन्मस्थळाची ख्याती सांगणारी ही टेकडी, तिथली माकडं हक्काने घेतात.

विठ्ठल मंदिर ते हंपी बाजार ही नदीकाठची वाट दोनेक किलोमीटरच असेल, पण घाई केलीत तर फेरीतला सगळ्यात सुंदर तुकडा हुकेल. राजाच्या तुळाभाराची दगडी कमान लागते, पुढे सुग्रीव गुहेजवळ कातळावर उमटलेला लांबलचक पांढरा पट्टा. लोक त्याला सीतेच्या साडीची खूण म्हणतात. नदीत जुन्या पुलाचे दगडी खांब अजून उभे आहेत. काळोख पडल्यावर इथे चालू नका. सपाट कातळावर पाऊलवाट उमटत नाही, त्यामुळे वाट चुकते. चुकलीच तर नदीचा आवाज उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चला.

तिकिटाची चूक किरकोळ, पण टाळण्याजोगी. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमळ महालाला आणि कमलापूरच्या संग्रहालयालाही चालतं. तळवारघट्टहून सकाळी लवकर मंदिरात पोचलात तर दुपारी तिन्ही एकाच तिकिटात होतात. शुक्रवार टाळा, संग्रहालय बंद असतं.

आणि विठ्ठल मंदिरात शिरल्यावर वाद्यांसारखे वाजणारे खांब बघून लगेच बाहेर पडू नका. गाभाऱ्यापर्यंत जा. आत मूर्ती नाही. कृष्णदेवरायाने पंढरीचा पांडुरंग विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, असं वारकरी सांगतात. त्या रिकाम्या गाभाऱ्यापाशी आमच्यातल्या एका आजींनी कुणी काही म्हणायच्या आत तुळशीची माळ ठेवली होती.