घरात केमो किंवा स्टेरॉइडवरचा पेशंट आहे? भिंतीच्या बुरशीबाबत या चुका टाळा

सांगलीत पुराचं पाणी ओसरलं की सगळं घर खराटे, फावडी घेऊन कामाला लागतं. २०१९ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. चिखल निघतो, भिंती धुऊन होतात आणि थोड्याच दिवसांत कपाटामागे हिरवट-काळे ठिपके उठतात. पाटण-जावळीकडे तर पूर नसला तरी पावसाळाभर भिंत सुकत नाही.

धडधाकट माणसाला त्याने फार तर शिंका येतील, दमा असेल तर तो उचल खाईल. पण केमो सुरू असलेला, किडनी बदललेला किंवा महिनोन्महिने स्टेरॉइड घेणारा माणूस घरात असेल तर ॲस्परजिलससारखी बुरशी त्याच्या फुप्फुसात मूळ धरू शकते. ते दुखणं जिवावर बेततं.

पेशंटलाच आवराआवर करू देणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती बहुतेक वेळा पेशंट घरातली बाई असली की होते. पुरुष आजारी पडला तर त्याला पलंगावरून उठू देत नाहीत. बाईचं केमो सुरू असलं तरी गौरी-गणपतीच्या आधी माळ्यावरचं मखर तीच काढणार, कारण कुठल्या खोक्यात काय आहे ते तिलाच ठाऊक! भर पावसाळ्यात माळ्यावरचं दमट खोकं उघडणं, जुनी गोधडी झटकणं, कोरड्या ब्रशने भिंत खरवडणं यात डोळ्यांना न दिसणारे बुरशीचे कण खोलीभर उडतात. ॲस्परजिलसचा कण दोन-तीन मायक्रॉनचा, तोंडाला बांधलेल्या ओढणीतून आरामात आत जाणारा.

एन-९५ मास्क साफ करणाऱ्याने घालायचा. पेशंटने मास्क लावून मदतीला यायचं, असा त्याचा अर्थ नाही. साफसफाई होऊन घर कोरडं होईपर्यंत पेशंटला त्या घरातच ठेवू नका. पाव्हण्यांकडे पाठवायला लाजू नका. दिवाळीच्या झाडलोटीलाही हाच नियम.

पुसून वर रंग मारणं

डाग पुसला, पुट्टी भरली, रंग मारला. पुढच्या श्रावणात पोपडे हजर. बुरशीला लागतं पाणी, तेव्हा ते कुठून येतंय ते आधी शोधा: स्लॅबची गळती, बाथरूमची पाठभिंत, भिंतीतली फुटकी पाइप. ते बंद होईपर्यंत रंगाऱ्याला बोलवू नका.

पांढरी पूड दिसली म्हणजे बुरशीच, असंही नाही. तिच्यावर थोडं पाणी टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार. पण तिथे ओल आहे एवढं त्यातूनही कळतंच.

फरशी, टाइल्स, लोखंडी कपाट साबणाच्या पाण्याने घासून कोरडं करता येतं. भिजलेली कापसाची गादी, फुगलेलं प्लायवूड यांचं तसं नाही. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते आणि ती आतपर्यंत जाते. लग्नातली गादी टाकून द्यायला जीव होत नाही, मान्य. तरी टाकाच.

आणि बाहेर धो-धो पाऊस असताना "हवा खेळती राहू दे" म्हणून खिडक्या उघडल्या तर ओलच आत येते. उघडीप मिळाली की उघडा. पेशंटच्या खोलीत कपडे वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

धूप आणि ॲसिड

धुपाने, कापराने बुरशी मरत नाही, वास झाकला जातो आणि धूर पेशंटच्या छातीत जातो. ब्लीच आणि संडासचं ॲसिड एकत्र ओतणं तर थेट घातक, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

रंगावरून धोका ठरवणं

२०२१मध्ये म्युकरमायकोसिसची, म्हणजे "काळ्या बुरशी"ची धास्ती बसल्यापासून लोक काळा डाग दिसला की घाबरतात आणि हिरवट-राखाडी दिसला की सोडून देतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस हिरवट-राखाडीच असते. नमुना तपासून जात शोधण्यात पैसे घालवू नका. कुठलीही असली तरी काढायचीच आहे.

तापाला "पावसाळी" म्हणणं

केमोच्या पेशंटचा ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मिरज-सांगलीत जिथे उपचार चालू आहेत तिथे गाठा. अँटिबायोटिक घेऊनही न उतरणारा ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं, थुंकीत रक्त ही बुरशीच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात. आपल्याकडे रक्त दिसलं की पहिला संशय टीबीचा येतो. तो बरोबरच आहे, पण जुना टीबी बरा झालेल्या फुप्फुसातल्या पोकळीतही ॲस्परजिलस घर करते. म्हणून घरात ओल आहे, पूर येऊन गेला, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. आणि बुरशीच्या भीतीने स्टेरॉइडची गोळी परस्पर बंद करू नका, डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टरच ठरवतील.