दुखापतीची प्रश्नावली फ्रेंचमध्ये नेताना या चुका टाळा

गोव्यात फ्रेंच शिकलेली माणसं शोधायला फार हिंडावं लागत नाही. गोवा विद्यापीठात फ्रेंचचा विभाग आहे, पणजीत आलियान्स फ्रान्सेझ आहे. म्हणून फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना वाटतं, खेळाडूंच्या दुखापतीची इंग्रजी प्रश्नावली इथंच बसून फ्रेंचमध्ये आणता येईल. अर्धं काम होतंही. पण ती फ्रेंचमध्ये तेच मोजते का, हे तपासायला फ्रेंच मातृभाषेचे, दुखापत झालेले खेळाडू लागतात, आणि साधारण शंभर तरी लागतात. ते फातोर्ड्याच्या मैदानावर मिळणार नाहीत, आणि हणजूणला आलेले पर्यटक गोळा करून नमुना होत नाही. फ्रान्समधला किंवा बेल्जियममधला सहकारी आधी जोडा. क्यूबेकचा असेल तर ध्यानात ठेवा, तिथं आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात.

त्याच्याही आधी, हे काम कुणी केलंय का ते बघा. गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीनंतर मैदानात परतण्याची मानसिक तयारी मोजणाऱ्या एसीएल-आरएसआय या प्रश्नावलीचं फ्रेंच रूप २०१५ सालीच प्रसिद्ध झालं आहे. तुमच्या प्रश्नावलीचं नसेल झालं, तर तिच्या मूळ लेखकांची परवानगी घ्या.

भाषांतराची दिशा बहुतेक जण चुकवतात. बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत फ्रेंचमध्ये नेणारे दोघं फ्रेंच मातृभाषेचे हवेत, एक विषय जाणणारा आणि एक अनभिज्ञ. उलट भाषांतर (म्हणजे फ्रेंच रूप पुन्हा इंग्रजीत आणणं) करणारे दोघं इंग्रजी मातृभाषेचे, मूळ प्रश्नावली न पाहिलेले, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे. प्रश्नावली तोंडपाठ असलेल्या फिजिओला हे काम दिलं, की उलट भाषांतर मुळाशी हुबेहूब जुळतं आणि सगळे खूश होतात. खरं तर तिथंच शंका यायला हवी. शब्दाला शब्द ठेवलेलं अवघडलेलं फ्रेंचसुद्धा उलटं फिरवल्यावर छान जुळतं.

पूर्वचाचणीला, म्हणजे तयार भाषांतर आधी थोड्या लोकांवर तपासायला, तीस-चाळीस जण घ्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. प्रशिक्षकाला बाजूला बसवू नका. रविवारची मॅच हुकेल म्हणून घोटा लपवणारा खेळाडू म्हापशात असतो तसा फ्रान्समधल्या मार्सेलीतही असतो.

सर्वात जास्त घोळ पुनर्चाचणीत, म्हणजे त्याच खेळाडूंना तीच प्रश्नावली पुन्हा देताना होतो. पुस्तकात दोन आठवड्यांचं अंतर लिहिलेलं असतं, म्हणून सर्रास तेच ठेवलं जातं. ऑस्लो स्पोर्ट्स ट्रॉमा रिसर्च सेंटरची २०१३ची प्रश्नावली घ्या: चार प्रश्न, प्रत्येकी ० ते २५ गुण, एकूण १०० (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास), आणि सगळे गेल्या आठवड्याबद्दल. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलंत तर तुम्ही वेगळाच आठवडा मोजताय. मध्ये उपचार झाले, सूज उतरली, गुण घटले, आणि दोष प्रश्नावलीच्या माथी. इथं एक-दोन दिवसांचं अंतर बरं. दुसऱ्या वेळी ‘मधल्या काळात काही बदललं का?’ हेही विचारा.

विश्वासार्हता, म्हणजे दोन्ही वेळी तेच गुण येतात हे दाखवायला पिअर्सन सहसंबंध पुरत नाही; दोन्ही वेळचे गुण सोबत वर-खाली होतात का, एवढंच तो सांगतो. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण दहाने वाढले, तरी तो १ येतो. निरपेक्ष जुळणी, म्हणजे गुण खरोखर तेवढेच आले का, हे तपासणारा आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोइफिशंट) काढा, तो किमान ०.७० हवा. प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रोनबाख अल्फा ०.९५च्या वर गेला तर पेढे वाटू नका, बहुधा तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय. पंधरा टक्क्यांहून जास्त लोकांना शून्य मिळत असेल, तर भाषांतर बदलण्याआधी नमुना तपासा. धडधाकट संघाला ऑस्लोची प्रश्नावली दिलीत, तर शून्यच येणार.

आयसीसीवर थांबू नका, एका खेळाडूपुरता किती बदल खरा मानायचा तेही काढा. समजा गुणांचं प्रमाण विचलन (खेळाडूंचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) २० आणि आयसीसी ०.८०. मग मापनाची प्रमाण त्रुटी (एका मोजणीत सहज होणारी चूक) सुमारे ९ येते आणि खात्रीने ओळखता येणारा किमान बदल जवळपास २५. म्हणजे खेळाडूचे गुण वीसने सुधारले, तरी केवळ त्या आकड्यावर त्याला मैदानात सोडता येणार नाही.