ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये परत घेण्याजोगे बफर कसे सांभाळावेत

मोबाइल फोन आणि सिंगल बोर्ड संगणक यांतील बहुतेक ग्राफिक्स प्रोसेसरांना स्वतःची अशी वेगळी मेमरी नसते; सीपीयू ज्या रॅमवर चालतो, त्याच रॅममध्ये त्यांचेही बिऱ्हाड असते. लिनक्स कर्नलमध्ये अशा ड्रायव्हरांसाठी जेम-शमेम हेल्पर (जेम म्हणजे कर्नलमधली ग्राफिक्स बफर सांभाळणारी व्यवस्था) हा सामाईक कोड २०१९ पासून उपलब्ध आहे. तो वापरला की प्रत्येक बफरच्या मागे शेअर्ड मेमरीची एक निनावी फाइल उभी राहते आणि त्या फाइलची पेजेस हीच बफरची मेमरी ठरते. सोय मोठी आहे, पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. ड्रायव्हरने पेजेस धरून ठेवली की ती ‘बाहेर काढू नये’ अशा खुणेची होतात आणि स्वॅपची जागा रिकामी असली तरी कर्नल त्यांना आपणहून हात लावत नाही. टंचाईच्या वेळी ती परत द्यायची असतील तर ते काम ड्रायव्हरनेच करावे लागते, आणि त्यासाठी कर्नलकडे श्रिंकर, म्हणजे टंचाईत कर्नलने बोलावायचा मेमरी परत देणारा कोड, नोंदवावा लागतो. माली चिपच्या मिडगार्ड आणि बायफ्रॉस्ट पिढ्यांसाठी असलेल्या पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हरमध्ये हा श्रिंकर अवघ्या एका लहान फाइलमध्ये बसलेला आहे, म्हणून पुढचे विवेचन त्याच्या आधाराने केले आहे. वाचकाने जेमचा साधा ड्रायव्हर एकदा तरी लिहिला किंवा वाचला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

परत घेण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात बफरमधला मजकूर जपून पेजेस स्वॅपकडे जाऊ द्यायची आणि गरज पडली की परत आणायची. दुसऱ्यात मजकुरासकट सगळे टाकून द्यायचे. नव्या ड्रायव्हरने दुसऱ्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. कारण टाकून देण्याजोगे बफर असतात आणि ते भरपूर असतात. मेसा या युजरस्पेसमधल्या (कर्नलबाहेरच्या) ग्राफिक्स लायब्ररीचा पॅनफ्रॉस्टसाठीचा भाग वापरून झालेला बफर लगेच कर्नलला परत करत नाही. तो आकारमानाप्रमाणे कप्प्यांत ठेवतो, त्याच आकाराची मागणी लगेच आली तर तोच पुन्हा वापरतो आणि एक-दोन सेकंदांहून अधिक काळ पडून राहिलेले बफर सोडून देतो. कप्प्यात पडून असलेल्या बफरमध्ये काय लिहिले आहे याची कोणालाच पर्वा नसते. तेवढ्यात रॅम कमी पडली, तर आधी हेच जायला हवेत.

कोणता बफर टाकाऊ आहे हे कर्नलला आपोआप कळत नाही. ते युजरस्पेसने सांगायचे असते, आणि त्यासाठी मॅडव्हाइज नावाचा आयओसीटीएल (ड्रायव्हरला थेट करायची विनंती) द्यावा लागतो. बफर कप्प्यात टाकताना ‘डोंटनीड’ म्हणायचे, बाहेर काढताना ‘विलनीड’ म्हणायचे. हेल्परच्या ऑब्जेक्टमध्ये यासाठी एकच पूर्णांक असतो: ० म्हणजे हवा आहे, १ म्हणजे गेला तरी चालेल, आणि ऋण संख्या म्हणजे गेला. एकदा ऋण झालेली ही संख्या पुन्हा कधीही वर येत नाही, आणि सगळ्या रचनेचा विश्वास याच नियमावर उभा आहे. ‘विलनीड’ म्हणणाऱ्याला उत्तरात ‘शिल्लक आहे की नाही’ एवढे कळते. नसेल तर त्याने तो हँडल बंद करावा आणि नवा बफर मागावा. जुन्यातच नवी पेजेस भरून देण्याची मेहरबानी ड्रायव्हरने करू नये.

एकाच बफरला दोन प्रक्रियांनी आपापल्या जीपीयू ॲड्रेस स्पेसमध्ये जोडले असेल, तर त्यांपैकी एकीने ‘नको’ म्हटल्याने तो नकोसा होत नाही. पॅनफ्रॉस्ट अशा वेळी ‘डोंटनीड’ची विनंती सरळ चुकीची ठरवून परत पाठवतो. मालक एकच असेल तरच हा शब्द ग्राह्य धरायचा.

तरीही युजरस्पेसच्या शब्दावर पूर्णपणे विसंबून चालत नाही, कारण त्याच बफरकडे कर्नलमधून पाहणारे इतरही असू शकतात. म्हणून हेल्पर पाचेक गोष्टी तपासतो: संख्या धन आहे ना, कर्नलने तो बफर आपल्या पत्त्यांमध्ये जोडलेला नाही ना, त्याचा स्कॅटर-गॅदर तक्ता, म्हणजे उपकरणाला द्यायची विखुरलेल्या पेजेसची यादी, तयार झालेला आहे ना (नसेल तर परत घेण्यासारखे काही नाहीच), तो डीएमए-बफ (ड्रायव्हरांनी आपसात वाटून घ्यायचा बफर) म्हणून बाहेर दिलेला नाही ना, आणि तो दुसऱ्याच ड्रायव्हरकडून आणलेला नाही ना. शेवटच्या दोन अटींचे कारण उघड आहे: बाहेर दिलेल्या बफरवर डिस्प्ले किंवा कॅमेरा यांचा ड्रायव्हर काम करत असू शकतो, आणि आणलेल्या बफरची पेजेस मुळात आपली नसतात. या सामाईक अटींखेरीज जीपीयूचे काम चालू आहे का, हे ड्रायव्हरने स्वतः पाहायचे असते. पॅनफ्रॉस्टमध्ये त्यासाठी प्रत्येक बफरला एक ॲटॉमिक मोजणी आहे. जॉब पाठवताना ती वाढते आणि जॉब आवरताना कमी होते. ती शून्य नसेल तर त्या बफरला सोडून पुढे जायचे.

आता प्रत्यक्ष रिकामे करण्याचा क्रम पाहू. सर्वांत आधी जीपीयूच्या पेज टेबलमधील नोंदी काढाव्यात आणि त्याचा टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतरांचा कॅशे) साफ करावा. हा क्रम चुकला आणि पेजेस आधी सुटली, तर ती पुढच्या क्षणी दुसऱ्याच प्रोग्रामच्या हाती पडतात आणि जीपीयूला मात्र जुन्या पत्त्यावरून ती अजून वाचता-लिहिता येतात. ती केवळ चूक नसून सुरक्षेला पडलेले भगदाड ठरते. त्यानंतर डीएमएची जोडणी सोडवून स्कॅटर-गॅदर तक्ता मोकळा करावा, पेजेसवरची आपली पकड सोडावी आणि ती संख्या –१ करावी. मग युजरस्पेसने एममॅप करून ठेवलेले पत्ते तोडावेत, म्हणजे त्या जागेला सीपीयूने पुन्हा हात लावला तर पेज फॉल्टमध्ये ती ऋण संख्या दिसते आणि प्रक्रियेला सिगबस (चुकीच्या मेमरी-वापराचा सिग्नल) मिळतो. शेवटी त्या निनावी फाइलची लांबी आरंभापासून अखेरपर्यंत छाटावी. ही छाटणी विसरली तर बाकी सारे करूनही पेजेस फाइलच्याच नावावर राहतात आणि रॅम मोकळी होत नाही. जीपीयूकडचे पहिले पाऊल ड्रायव्हरचे, पुढचे सगळे हेल्पर करून देतो.

श्रिंकर म्हणजे दोन फंक्शने: एक किती परत देता येईल ते सांगते, दुसरे प्रत्यक्ष परत देते. ६.७ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, तो आधी ॲलोकेट करून, फंक्शने भरून, मग नोंदवण्याची पद्धत आहे. येथे सर्वाधिक चुका होतात त्या मोजमापाच्या एककात. दोन्ही फंक्शनांनी पेजेस मोजावीत, बफर नव्हे.

हे का, ते आकड्यांनी पाहू. १९२० गुणिले १०८० पिक्सेलांचा, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट असलेला बफर ८२,९४,४०० बाइटांचा होतो. ४,०९६ बाइटांच्या पेजांत तो बरोबर २,०२५ पेजांत मावतो. समजा असे ४० बफर यादीत आहेत, म्हणजे ८१,००० पेजेस, सुमारे ३१६ एमबी. कर्नल आपल्या उत्तराला २ च्या घाताने भागतो. हा घात, म्हणजे प्राधान्य, १२ पासून सुरू होतो आणि टंचाई वाढेल तसा खाली येतो. आलेल्या भागाकाराची, नेहमीच्या मांडणीत, दुप्पट केली की किती चाळायचे ते ठरते. मागच्या खेपेचे राखलेले धरून ही बेरीज १२८ पर्यंत किंवा आपण सांगितलेल्या एकूण संख्येपर्यंत पोहोचली, तरच दुसरे फंक्शन बोलावले जाते, नाहीतर ती पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली जाते. प्राधान्य ५ असताना ८१,००० पासून ५,०६२ येतात आणि काम लगेच सुरू होते. त्याच वेळी आपण ‘४०’ असे उत्तर दिले असते तर ४० भागिले ३२ म्हणजे १, त्याची दुप्पट २. ३१६ एमबी तशीच पडून राहते आणि कर्नल दुसऱ्याच कोणाची तरी पेजेस ओरबाडू लागतो. गंमत अशी की ड्रॉप-कॅशेस या कर्नलला कॅशे रिकामे करायला लावणाऱ्या फाइलमध्ये २ लिहून चाचणी घेतली तर हा दोष दिसतच नाही, कारण तेथे प्राधान्य ० असते आणि ४० ची दुप्पट ८० सहज पुरते. मी स्वतः हीच चूक करून, चाचणी हिरवी पाहून समाधानाने उठलो होतो. दोन जीबीच्या बोर्डावर ब्राउझर मारला गेला तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

दुसऱ्या फंक्शनने मागितलेला आकडा भरला की थांबावे. १२८ मागितली असता एकच बफर सोडून २,०२५ परत गेली तर बिघडत नाही. बफर अर्धा सोडता येत नाही. ‘डोंटनीड’ झालेला बफर यादीच्या शेपटाला जोडायचा आणि चाळणी डोक्याकडून करायची, म्हणजे जास्त काळ पडून असलेले आधी जातात.

लॉकांच्या बाबतीत मात्र सावकाश वाचावे. श्रिंकर कोणत्या क्षणी बोलावला जाईल हे आपल्या हाती नसते; कोणत्याही साध्या मेमरी-मागणीच्या पोटात तो येऊ शकतो, आणि ती मागणी आपल्याच ड्रायव्हरने आपलेच लॉक धरून केलेली असू शकते. समजा जॉब पाठवणाऱ्या धाग्याने बफरचे रिझर्व्हेशन लॉक घेतले, मग एका छोट्या रचनेसाठी मेमरी मागितली, रॅम अपुरी होती, कर्नल परत घेण्याच्या वाटेला लागला आणि त्याच धाग्यावर आपला श्रिंकर सुरू झाला. त्याने तेच लॉक मागितले तर तो स्वतःचीच वाट पाहत कायमचा उभा राहील. म्हणून श्रिंकरमध्ये प्रत्येक लॉक ट्रायलॉकनेच (मिळाले तर घ्यायचे, नाहीतर वाट न पाहता परत फिरायचे) घ्यावे: यादीचे, जीपीयू-जोडण्यांचे आणि रिझर्व्हेशनचे. यादीचे मिळाले नाही तर मोजणाऱ्या फंक्शनने ० आणि चाळणाऱ्याने ‘श्रिंक स्टॉप’ परत करावे. बफरचे मिळाले नाही तर तो बफर सोडून पुढचा घ्यावा. काम अर्धे राहिले तरी चालते, अडकलेले चालत नाही. याच कारणाने श्रिंकरमध्ये नवी मेमरी मागू नये आणि जीपीयूचे काम संपण्याची वाटही पाहू नये. यादीचे लॉक इतरत्र धरलेले असताना श्रिंकर हात हलवत परत जातो, म्हणून तेथेही ते क्षणभरच धरावे.

बफर नष्ट करण्याच्या वाटेवर पहिली ओळ कोणती असावी, हेही यावरूनच ठरते: यादीचे लॉक घेऊन बफर यादीतून काढावा, लॉक सोडावे आणि मगच बाकीची मोडतोड सुरू करावी. उलटे केले तर अर्धवट मोडलेला बफर श्रिंकरच्या हाती लागू शकतो. येथे आपण परत घेण्याच्या वाटेवर नसतो, तेव्हा साधे, वाट पाहणारे लॉक योग्य आहे.

तपासणीसाठी लॉकडेप (लॉकांचा क्रम तपासणारी कर्नलची सोय) चालू ठेवून कर्नल बांधावा. रिझर्व्हेशन लॉक आणि परत घेण्याची वाट यांचा क्रम तो कर्नल सुरू होतानाच शिकून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्ष अडकण्याची वाट न पाहता पहिल्या चुकीच्या पावलालाच तो तक्रार छापतो. त्यानंतर श्रिंकरचे डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी व्यवस्था) चालू करावे, ते ६.० पासून आहे. डीबगएफएसमधल्या श्रिंकर डिरेक्टरीत आपल्या ड्रायव्हरच्या नावाचा कप्पा मिळतो, त्यातील ‘काउंट’ फाइल वाचली की पेजेसचा आकडा दिसतो आणि ‘स्कॅन’ फाइलमध्ये सीग्रुप, नोड आणि संख्या अशा तीन अंकांनी, उदाहरणार्थ ‘० ० १२८’ असे इंग्रजी अंकांत लिहून, नेमकी एक खेप चालवता येते. वरच्या उदाहरणात ती लिहिल्यावर काउंट ८१,००० वरून ७८,९७५ वर यायला हवा. तो १ ने किंवा १२८ ने कमी झाला तर एकक कोठेतरी चुकले आहे. मग त्या गेलेल्या बफरवर ‘विलनीड’ पाठवून उत्तर ० येते का ते पाहावे, आणि त्याच्या जुन्या एममॅप पत्त्यावर मुद्दाम एक बाइट लिहून सिगबस घ्यावा. तो मिळाला नाही आणि बाइट निमूटपणे लिहिला गेला, तर युजरस्पेसचे पत्ते तोडण्याचे पाऊल राहून गेले आहे.