दोन सैन्यं तुमच्याकडेच ठेवा

वडोदऱ्यात फँटसी युद्धखेळाला, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या काल्पनिक जगातल्या लढाईला, जोडीदार मिळत नाही, अशी तक्रार असेल तर आधी एक काम करा: स्वतःचं एक मोठं सैन्य जमवण्याऐवजी दोन लहान सैन्यं तयार ठेवा. नवख्या माणसाकडे सैनिक नसतात, नियम ठाऊक नसतात. त्याने फक्त येऊन बसायचं, एवढं सोपं झालं की तो येतो.

'वन पेज रूल्स' या खेळ बनवणाऱ्या कंपनीचा 'एज ऑफ फँटसी: स्कर्मिश' हा लहान चकमकींचा खेळ यासाठी फार चांगला. मूळ नियम फुकट, फासे नेहमीचे सहा बाजूंचे, अंतर इंचात, आणि प्रत्येकी पाच-सात सैनिक पुरे. साधारण 28 ते 32 मिलिमीटरचे प्लास्टिकचे सैनिक महाग पडतात. सुरुवातीला जाड कागदावर चित्रं छापून पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर उभी करा, काही बिघडत नाही.

रणभूमी? दिवाळीचा किल्ला आठवा. थर्माकोलच्या टेकड्या, पुस्तकांवर टाकलेली हिरवी चादर. आडोसा मात्र भरपूर हवा, नाहीतर धनुर्धारीच जिंकतात.

जोडीदार शोधताना फक्त खेळणाऱ्यांकडे पाहू नका. दांडिया बाजारात लहानपणी तुमच्याबरोबर किल्ला बांधणारा मित्र, बुद्धिबळ खेळणारे काका, फाइन आर्ट्सला शिकणारी शेजारची ताई. तिला खेळापेक्षा रंगवणंच जास्त आवडेल, आणि तेही या छंदाचं अर्धं सुख आहे. पहिला डाव तासाभरात आटपा, आणि उठण्याआधी पुढचा रविवार ठरवून घ्या.